मूळ अवस्थेतला जिना

ठिणगीच्या घराला बाहेरून जिना आहे. खाली लोखंडकामाचं वर्कशॉप, वर राहायच्या दोन खोल्या, आणि खालून वर जायला भिंतीला चिकटून चढणारा उघडा दगडी जिना. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला काही नाही. त्या 'काही नाही'चा फोटो काढायला लांबलांबून माणसं येतात, विमानात बसून येतात. पायरीला हात लावून डोळे मिटतात, एखाददुसरा रडतोसुद्धा. अशा वेळी हातातला ग्राइंडर मुद्दाम चालू ठेवायचा, हे ठिणगीनं फार पूर्वीच ठरवून टाकलंय.

कारण इतकंच, की एका गाजलेल्या रॉक अल्बमच्या कव्हरवर हा जिना आहे. झिपऱ्या वाढवलेले चार जण पायऱ्यांवर विखुरलेत, आणि सगळ्यात वरचा, म्हणजे त्यांचा मुख्य गायक, हवेत हात लांब करून उभा आहे. अल्बमचं नाव 'धरायला काही नाही'. त्या नावावर आणि त्या हातावर जाणकारांनी इतकं लिहिलंय की वाचणाऱ्याला घेरी यावी. कुणाला त्या हातात माणसाचं एकाकीपण दिसतं, कुणाला देवाचं नसणं, कुणाला एका अख्ख्या पिढीची दिशाहीनता. कित्येकांनी दंडावर तो जिना गोंदवून घेतलाय.

खरी गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. त्या मंडळींच्या गाडीच्या टपावरचं कॅरिअर मोडलं आणि ते जोडायला ती बाबांच्या वर्कशॉपमध्ये आली. बाबा जोडत होते तोवर तिघं जिन्यावर बसले. चौथा प्यायला पाणी मागायला वर गेला. पाणी दिलं ठिणगीच्या थोरल्या ताईनं, तेव्हा ती शाळेत जाणारी पोर होती. उतरताना त्यानं सवयीनं कठड्याकडे हात टाकला आणि हाताला काही लागलंच नाही, कारण बाबांनी जुना कठडा आदल्याच दिवशी कापून काढला होता. ताई मागून ओरडली, "अहो, कठडा नाहीये." तो जागच्या जागी झुलला आणि त्यांच्याबरोबरच्या फोटोवाल्यानं नेमका तेवढाच क्षण टिपला. झालं. एक माणूस पडता पडता वाचला आणि जगाला तत्त्वज्ञान मिळालं.

आता कठडा मुळात कापलेला का होता? तर ती बाबांची पद्धत. सगळं जग आधी माप घेतं आणि मग कापतं, बाबांचं उलटं. "जुन्या कठड्यावरून माप घेशील तर जुन्याची चूक नव्यात उतरवशील," असं ते म्हणायचे. "आधी तो काढ, जिना उघडा कर, दोनचार दिवस त्याच्यावरून चढ-उतर कर. हात कुठे आधार शोधतो ते बघ. मग माप घे." त्यामुळे त्यांनी ज्या ज्या घराला कठडा केला ते घर काही दिवस धरायला काही नसलेलं असायचं. लोक कुरकुरायचे, पण एकदा कठडा बसला की हात आपोआप त्याच्यावर जाऊन पडायचा. गाडी गेल्यावर थोड्याच दिवसांत बाबांनी घरचाही कठडा बसवला, आणि तो पुढे वर्षानुवर्षं उभा होता. चाहते यायचे, कठड्याकडे बघून नाक मुरडायचे, वाकडेतिकडे होऊन कठडा येणार नाही असा फोटो काढायचे आणि जायचे. त्याचा कुणाला त्रास नव्हता.

बाबा गेले, वर्कशॉप ठिणगीकडे आलं. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. लहानपणी ती उडणाऱ्या ठिणग्यांमागे धावायची म्हणून, असं बाबा सांगायचे. शेजारी सांगायचे, राग नाकावर असतो म्हणून. पन्नाशी उलटली तरी दोन्ही कारणं शाबूत आहेत. लोखंड कापायचं, जोडायचं, घासायचं ते ठिणगीनं. रंगवायचं ते ताईनं. लग्न दोघींनीही केलं नाही, कुणी विचारलं तर ताई सांगायची, "आमचं लोखंडाशी झालंय, माणसासारखं ते उलटून बोलत नाही." ताईच्या हाताखालून गेलेल्या कठड्याला गंज चढत नाही. प्रायमर कुठे पातळ पडला ते तिला नुसत्या वासावरून कळतं, असं गिऱ्हाइकं म्हणतात. वासाचं माहीत नाही, पण कळतं खरं.

तर ताईचा खुबा गेला. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी गेल्यावर चालायचं, जिना चढायचा-उतरायचा, पण पक्क्या आधारानं. ताईनं ब्रश धरण्याआधीचा बाबांचा कठडा आता पायथ्याशी गंजून डुगडुगायला लागला होता. ठिणगीनं ताईला दवाखान्यात ठेवलं, घरी येऊन ग्राइंडर घेतला आणि बाबांच्या शिस्तीप्रमाणे आधी कठडा कापला. मग उघड्या जिन्यावरून वर-खाली करत, ताईसारखं लंगडत, ताईची उंची धरून मापं घेतली. शेजारीण म्हणाली, "तुझाही पाय गेला की काय?"

इथेच घोड्यानं पेंड खाल्ली. कुणा चाहत्यानं तो कठडा नसलेला जिना पाहिला आणि फोटो काढून जगाला कळवलं की जिना मुक्त झाला. मुक्त, हा त्याचाच शब्द. दुसऱ्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवा कठडा तयार होऊन, तांबडा प्रायमर लागून वर्कशॉपच्या भिंतीला टेकला होता, फक्त बसवायचा बाकी होता, तोवर वारसा जतन समितीचा आदेश आला. जिना संरक्षित. हात लावायचा नाही.

आदेश घेऊन समितीचे सचिव स्वतः आले. बोलणं इतकं मऊ की ठिणगीनं त्याच दिवशी त्यांचं नाव मऊसूत ठेवलं.

"अभिनंदन, मॅडम," मऊसूत म्हणाले. "तुमचा जिना आता सगळ्यांचा झाला."

"सगळ्यांचा झाला, मग झाडायला उद्यापासून कोण येणार?"

मऊसूत हसले. त्यांना हा विनोद वाटला. मग त्यांनी समजावून सांगितलं, की कव्हरवर कठडा नाही, आज योगायोगानं जिना पुन्हा मूळ अवस्थेत आलाय, आणि तो तसाच जपणं हे सगळ्यांचं कर्तव्य आहे.

"मूळ अवस्था कसली, साहेब? आधी आजोबांचा कठडा होता, नंतर बाबांचा. मधले चारसहा दिवस तो कापलेला होता, तेव्हा यांची गाडी मोडली."

"ठाऊक आहे," मऊसूत म्हणाले. "आमच्या अहवालात तसं नमूदही आहे. पण ते चारसहा दिवसच ऐतिहासिक आहेत."

ठिणगीला वाटलं होतं, खरं काय ते सांगितलं की माणूस वरमेल, चूक झाली म्हणेल. पण ज्याला खरं आधीच माहीत आहे आणि तरी काही फरक पडत नाही, त्याच्यापुढे काय डोकं आपटायचं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी जन्मले तेव्हा माझ्या अंगावर चिंधी नव्हती," ती म्हणाली. "ती माझी मूळ अवस्था. तशीच फिरू का गल्लीतून? जपाल मला?"

"तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाहीयेत, बहीण आहे. परवा दवाखान्यातून येतेय. ती वर कशी चढणार?"

मऊसूतनी मान हलवली, हळहळले, समितीपुढे विषय मांडतो म्हणाले. विषय मांडला गेला आणि फेटाळलाही गेला. ठिणगीनं म्हटलं, तात्पुरता बसवते, नट-बोल्टचा, तुमचे लोक फोटोला आले की काढते. समिती म्हणाली, आज एकाला परवानगी दिली तर उद्या कुणीही मागेल. जणू त्या जिन्यावरून अख्खा गाव घरी जात होता. मग तिनं म्हटलं, निदान भिंतीला एक दांडी लावू द्या. समिती म्हणाली, भिंतही कव्हरवर आहे.

ताई घरी आली ती खुर्चीत बसून, दोन कामगारांच्या खांद्यावर. वरात निघाल्यासारखी वर गेली आणि वरच राहिली. तपासणीच्या दिवशी पुन्हा तेच: खुर्ची, पोटावरून पट्टा, एक पुढे, एक मागे. "मी कपाट आहे का?" ताई म्हणायची, पण दात आवळून बसायची. एकदा तिला असं उतरवताना एका चाहत्यानं चित्रण केलं आणि त्याखाली अल्बममधलं गाणं लावून ते सगळीकडे पाठवलं. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. हृदयस्पर्शी, असं त्याखाली लिहिलं होतं. त्या लाखांतल्या एकालाही हे सुचलं नाही, की बाई चालू शकते, फक्त तिला धरायला काहीतरी द्या.

आणि ताई चालत होती, चांगली चालत होती. खोलीतल्या खोलीत टेबल धरून, दार धरून फेऱ्या मारायची, डॉक्टर खूश होते. फक्त घर सुटत नव्हतं. खाली नव्या माणसाच्या हाती रंगाचा ब्रश गेला होता आणि ताई वरच्या दारातून ओरडायची, "अरे पातळ करू नकोस इतका, लोखंड आहे ते, त्याला आंघोळ घालायची नाहीये." मग एकेक दिवस ओरडणंही कमी झालं. जेवताना ठिणगी कामाचं काही सांगायला लागली की ताई म्हणायची, "राहू दे, मला आता काय त्याचं." ठिणगीला त्याचीच भीती वाटायची. खुबा गेला तर बसवता येतो, पण माणसाचं मन कामावरून एकदा उतरलं की ते बसवून देणारा डॉक्टर कुठे मिळतो?

एका दुपारी, ठिणगी माल आणायला गेलेली असताना, ताईनं ठरवलं की बस झालं. ती दारात आली, वरच्या पायरीवर बसली आणि लहान मूल उतरतं तशी बसून, एकेक पायरी खाली सरकायला लागली. साठी उलटलेली बाई, साडी सावरत, हातांवर भार देत. खाली फोटोवाल्यांचा घोळका होता. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली, लयीत वाजवली, आणि एक जण ते गाणं म्हणायला लागला. त्यांना वाटलं, घरमालकीण आपल्यासाठी काहीतरी करून दाखवतेय. ताई अर्ध्या जिन्यात थांबली. त्यांच्याकडे पाहिलं. आणि तशीच, बसूनच, मागे मागे सरकत, पुन्हा वर गेली.

हे शेजारणीनं सांगितलं. ताईनं सांगितलं नाही. ठिणगी वर गेली तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि म्हणाली, "झोप लागलीय मला." ठिणगी खाली आली. त्या दिवशी तिनं जिन्यावर बसलेल्या प्रत्येकाला हाकललं, एकाचा कॅमेरा नाल्यात टाकायची धमकी दिली, आणि समितीकडून तिला आणखी एक समज आली: अभ्यागतांशी सौजन्यानं वागा.

मग अल्बमचा सुवर्णमहोत्सव आला. गल्लीत झेंडे लागले, समोरच्या दुकानानं जिना छापलेले कप विकायला ठेवले. आणि मऊसूत पुन्हा उगवले. या खेपेला त्यांच्या मऊपणात थोडी घाई होती.

"मॅडम, एक आनंदाची बातमी. गायक स्वतः येणार आहेत. त्याच पायरीवर उभे राहून दोन शब्द बोलणार आहेत."

"येऊ देत."

"फक्त एक अडचण आहे. आता त्यांचं वय झालं. दोन्ही गुडघे बदललेत. आधाराशिवाय जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय." मऊसूतनी घसा साफ केला. "तर समितीनं एका दिवसापुरत्या कठड्याला विशेष परवानगी दिलीय. आणि तुम्ही कठडेच करता, तेव्हा म्हटलं बाहेरच्याला कशाला सांगायचं."

ठिणगीनं हातातला ग्राइंडर खाली ठेवला. ती गप्प झाली की वर्कशॉपमधली माणसं आपापली हत्यारं उचलून लांब सरकतात. तशी ती सरकली.

"म्हणजे कठडा बसवता येतो," ती म्हणाली.

"अपवाद म्हणून."

"माझ्या बहिणीसाठी मागितला तेव्हा अपवाद नव्हता?"

"तो विषय वेगळा होता, मॅडम. त्या रहिवासी आहेत. हे पाहुणे आहेत."

त्यांचा तो बाब्या आणि आमचं ते कार्टं, हे ठिणगीनं जन्मभर ऐकलं होतं, पण इतक्या सभ्य शब्दांत प्रथमच. ज्या बाईला रोज चढायचं-उतरायचंय तिला नाही, आणि जो जन्मात दुसऱ्यांदा चढणार त्याला हो. तिनं मऊसूतना दाराबाहेरचा रस्ता दाखवला. रस्ता माहीत नसल्यासारखा सविस्तर दाखवला. आणि तरातरा वर जाऊन ताईला सगळं सांगितलं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तू नाही म्हणून आलीस?"

"मग काय हो म्हणू? त्या म्हाताऱ्यासाठी? तुझ्या कठड्यावर त्याला हात ठेवू देऊ?"

"ठिणगे, अक्कल गहाण टाकलीस का? राग नंतर कर, पळून जात नाही तो. आधी जा, हो म्हणून सांग, आणि कठडा बसव. एकदा बसला की बसला. तू बसवलेला कठडा कधी कुणाला निघालाय?"

ठिणगीनं ताईकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत ताईच्या तोंडून कामाचं वाक्य निघालं नव्हतं.

कठडा तयारच होता. ताईच्या मापाचा, ताईच्या हाताच्या उंचीचा, कोपऱ्यावर किंचित आत वळलेला, कारण ताई वळताना तिथे भार टाकते. ठिणगीनं दगडात शाबूत राहिलेले जुने खुंट घासून लख्ख केले आणि उभे पाईप त्यांच्यावर धरून जोडायला सुरुवात केली. मऊसूत पाहणीला आले तेव्हा ठिणग्या उडत होत्या.

"वेल्डिंग कशाला?" ते लांबूनच म्हणाले. "नट-बोल्ट पुरले असते. लगेच काढायचाय."

ठिणगीनं तोंडावरची काच वर केली. "पाहुण्यांचे गुडघे आहेत, साहेब. ऐन वेळी एखादा नट ढिला झाला, मग?"

मऊसूतना ते पटलं. पाहुण्यांचे गुडघे म्हटलं की त्यांना काहीही पटत होतं.

वरच्या पायरीवर बसून, हात पोचेल तिथपर्यंत, ताईनं स्वतः रंग लावला. उरलेला तिनं नजरेनं लावला, म्हणजे खालच्या माणसाकडून शिव्या घालून लावून घेतला. रंग ओला होता म्हणून त्या दिवशी ती उतरली नाही. म्हणाली, "उद्या सकाळी. पहिला हात माझा."

सकाळी ताई केस विंचरून दारात आली, तर जिन्याला वर आणि खाली दोरी बांधलेली. काळ्या टी-शर्टातली एक स्वयंसेविका वर आली आणि गोड आवाजात म्हणाली, "आजी, कार्यक्रम होईपर्यंत आत थांबा हं. फोटोत मागे कुणी दिसायला नको."

खाली उभ्या ठिणगीच्या हातात पाना होता. शेजारणीनं तिचं मनगट धरलं नसतं तर सुवर्णमहोत्सव वेगळ्याच कारणानं लक्षात राहिला असता. पण ताईनं वरून हातानं खूण केली, थांब. आणि दार अर्धवट उघडं ठेवून ती उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसली.

गायक आला. गर्दीनं गल्ली हलवली. वाळलेला, काळा चष्मा घातलेला म्हातारा, झिपऱ्या अजून होत्या, पण विरळ. कठड्याला हात लावण्याआधी त्यानं क्षणभर वर पाहिलं. मग धरला, आणि जो धरला तो सोडला नाही. पाऊल टाक, दुसरं त्याच पायरीवर आण, दम घे, पुढची पायरी. ठिणगीला त्याची कीव आली, आणि आली म्हणून आणखीच राग आला, कारण अगदी असंच ताई चढली असती, कधीच, कुणाला त्रास न देता.

वरच्या पायरीवर पोचून तो गर्दीकडे वळला. एका हातात माईक, दुसऱ्या हातात कठडा, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली.

"मित्रांनो," तो म्हणाला. आवाज अजून भारी होता. "मी तरुण होतो तेव्हा या पायरीवर मला एक गोष्ट कळली. मी हात पुढे केला आणि माझ्या हाताला शून्य लागलं. त्या दिवशी मला समजलं की आयुष्यात धरायला काही नसतं. आणि तेच स्वातंत्र्य असतं. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. कशालाही धरून राहू नका. सोडून द्या."

खाली माणसं ढसाढसा रडत होती. मऊसूत चष्मा पुसत होते.

"मग सोडा की हात," मागून ताई म्हणाली.

ती काही मोठ्यानं बोलली नव्हती. पण माईक उत्तम प्रतीचा होता, त्यानं तेही अख्ख्या गल्लीला ऐकवलं. गायक मान वळवून बघायला लागला. ताई उंबऱ्यात उभी होती, दाराची चौकट धरून. खाली सगळे त्या हाताकडे बघत होते. हात सुटला नाही. सुटला असता तर म्हातारा गडगडत खाली आला असता, हे दिसतच होतं.

"नाही ना सुटत?" ताई म्हणाली. "मग नका सोडू. लाजायचं काय त्यात, गुडघे गेले की धरावंच लागतं. तेव्हाही तुम्ही कठडाच शोधत होतात, मीच ओरडले होते मागून. पण लोकांना सोडा म्हणून सांगू नका. तुमचं ऐकून यांनी माझा कठडा सोडवलाय. आता जरा सरका, मला खाली जायचंय."

सरकायचं म्हणजे कठडा सोडायचा. दोन स्वयंसेवक धावत वर गेले, काखेत हात घालून त्यांनी गायकाला भिंतीकडे घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. ताईनं वरची दोरी सोडून खाली टाकली, कठड्यावर हात ठेवला आणि उतरायला लागली. सावकाश, पण उभी. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. ती शेवटची पायरी उतरली, गर्दीनं आपोआप वाट दिली, ती वर्कशॉपमध्ये शिरली आणि आतून तिचा आवाज आला, "रंगाच्या डब्याचं झाकण कुणी उघडं टाकलंय? साय धरलीय वर."

ठिणगीला रडू कोसळलं. तिनं कपाळावर सारलेली वेल्डिंगची काच तोंडावर ओढून घेतली.

गायकानं तेवढ्यात एक शब्द बोलायला हवा होता. 'असू दे हा कठडा', बस. त्याचा शब्द म्हणजे त्या गर्दीला वेदवाक्य, समितीनंही मान तुकवली असती. तो बोलला नाही. जसा चढला तसा कठडा धरून उतरला, गाडीत बसला आणि गेला. आयुष्यभर कोणाच्या तरी जिन्यावर उभं राहून मोठं व्हायचं आणि त्या घरात माणसं राहतात हे लक्षातच घ्यायचं नाही, याला काय म्हणावं ते ठिणगीनं त्या संध्याकाळी बऱ्याच शब्दांत म्हटलं. ते शब्द इथे देता येत नाहीत.

गर्दी पांगल्यावर मऊसूत आले. "ठरल्याप्रमाणे, मॅडम, कठडा आज काढायचा होता."

"काढा की," ठिणगी म्हणाली आणि ग्राइंडर त्यांच्यापुढे धरला. "पण ताई खाली आहे. ती वर कशी जाणार तेवढं आधी सांगा."

"आमची माणसं त्यांना अलगद उचलून..."

"हात तर लावून बघा," आतून ताई म्हणाली.

मऊसूत म्हणाले, उद्या बघू.

उद्याचं परवा झालं, आणि मग समितीचा आदेश निघाला: अनधिकृत कठडा मालकांनी स्वखर्चानं त्वरित हटवावा, अन्यथा समिती हटवेल. चाहत्यांनी जगभरातून शिव्या पाठवल्या, इतिहासाचा खून झाला म्हणे. ठिणगी म्हणाली, खून झालेला इतिहास बघायला अजून इतकी माणसं कशी येतात? येत होतीच. कठड्याला नावं ठेवत वर चढत होती, आणि उतरताना एकूण एक माणूस तो धरत होता.

आदेश नियमाप्रमाणे घराच्या दारावर चिकटवावा लागतो, आणि दार वर. मऊसूत कागद, गोंद घेऊन चढले, चिकटवला, त्याचा फोटो काढला. नुकताच शिडकावा होऊन गेला होता, पायऱ्या निसरड्या होत्या. दोघी बहिणी वर्कशॉपच्या दारात उभ्या होत्या. ताईच्या हातात ब्रश होता. मऊसूत एक हात कठड्यावर टाकून, बेतानं, पाऊल चाचपत उतरत होते.

"साहेब," ताईनं विचारलं, "कुठे डुगडुगत तर नाही ना?"

"नाही नाही," मऊसूत म्हणाले, "चांगला घट्ट आहे."

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात काढून घेतला. अर्ध्या जिन्यात उभे राहिले. खालच्या ओल्या पायऱ्यांकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं, आणि उरलेला जिना उतरायला त्यांनी कठडा पुन्हा धरला.